लिव्हर रायफल घरात आणण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत घराच्या रक्षणासाठी बंदूक घ्यावी का, ही चर्चा हल्ली माझ्या कानावर बऱ्याचदा येते आणि तीत लिव्हर-ॲक्शन रायफलचे, म्हणजे चापाभोवतीची दांडी (लिव्हर) खालीवर करून दर वेळी नवे काडतूस भरायच्या रायफलीचे, नाव हमखास निघते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया या राज्यांनी अर्धस्वयंचलित (एक गोळी झाडताच पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलींवर घातलेल्या निर्बंधांत ही जुन्या घडणीची रायफल सहसा अडकत नाही, म्हणून ती सोयीची वाटते. मात्र कायद्याच्या दृष्टीने सोयीचे असलेले हत्यार राहत्या घरालाही सोयीचे ठरेल, असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते.

व्हिसाचा मुद्दा तर अनेकांना ठाऊकच नसतो. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद वगळता, संघीय कायद्याने बंदूक व काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

त्यानंतर प्रश्न येतो काडतुसाचा. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली विंचेस्टरची १८९४ सालची रायफल किंवा मार्लिन ३३६ यांत प्रामुख्याने थर्टी-थर्टी हे काडतूस वापरतात आणि ते हरणांच्या शिकारीसाठी नावाजलेले आहे. येथील घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी ठोकलेले सुमारे अर्ध्या इंचाचे जिप्समचे फलक. चोरावर झाडलेली पण नेम चुकलेली गोळी अशा अनेक भिंती भेदून मुलांच्या खोलीत किंवा शेजाऱ्याच्या घरात पोहोचू शकते. थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम या काडतुसासाठी बनवलेल्या लिव्हर रायफलीत थर्टी-एट स्पेशल ही सौम्य काडतुसेही चालतात आणि त्यांचा धक्का व आवाज बराच कमी असतो, म्हणून घ्यायचीच असेल तर मी तिला पसंती देईन. परंतु जिप्समच्या भिंतीपलीकडे तीही गोळी जाते, त्यामुळे कोण कोठे झोपते हे पाहून गोळीची दिशा आधीच ठरवावी लागते.

सर्वांत कमी बोलले जाते ते रायफल रिकामी करण्याबद्दल. बाजूच्या झडपेतून भरायच्या पारंपरिक रायफलीत काडतुसे नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये (काडतुसे साठवायच्या नळकांड्यात) एकामागे एक असतात आणि ती काढण्यासाठी लिव्हर पुन्हा पुन्हा खालीवर करून प्रत्येक काडतूस यंत्रणेतून बाहेर काढावे लागते. म्हणजे रोज रात्री भरून सकाळी रिकामी करणाऱ्या घरात, हाताखाली जिवंत काडतूस असताना, ही क्रिया रोज घडणार. बोट चापापासून दूर आणि नळी सुरक्षित दिशेला हवीच. हेन्री कंपनीच्या अनेक रायफलींत मॅगझिनची आतली नळी पुढून सरकवून बहुतेक काडतुसे बाहेर ओतता येतात, ही सोय मला रायफलीच्या देखणेपणापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. तरीही चेंबरमधले, म्हणजे झाडण्यासाठी नळीच्या मुळाशी बसलेले, काडतूस वेगळे तपासावे लागतेच.

घाबरलेल्या माणसाकडून लिव्हर अर्धवट ओढली जाते आणि काडतूस अडकते. नकली काडतुसांवर नियमित सराव करण्याची तयारी नसेल, तर ही रायफल घेऊ नये. शिवाय तिला दोन्ही हात लागतात; ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करणारे, मुलांना एका खोलीत गोळा करणारे दुसरे माणूस घरात हवे.

साठवणुकीबद्दल मी अधिक आग्रही आहे. आम्ही राहतो त्या टेक्ससमध्ये निष्काळजीपणामुळे भरलेले हत्यार १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागले, तर तो गुन्हा ठरतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कोणी नैराश्याने ग्रासलेले असेल, तर तेथे कोणतीही बंदूक असू नये, असे माझे ठाम मत आहे. भक्कम दरवाजा, चांगले कुलूप आणि अलार्म यांवरचा खर्च त्या घराने आधी करावा.

परवाना व साठवणुकीचे राज्यनिहाय नियम आपण मराठीत छापल्यास येथील कुटुंबांना आणि भारतातील त्यांच्या आईवडिलांनाही त्याचा उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, ऑस्टिन (टेक्सस)