गायातल्या ताईंना, गाळासकट आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

पोर्तुगालातल्या पोर्टो शहराच्या समोर, दोरू नदीच्या दुसऱ्या काठावर, विला नोव्हा द गायातल्या तुमच्या पोर्ट या गोड, कडक वाईनच्या टेस्टिंग रूममध्ये पर्यटकांची सतत रीघ असते. त्या गर्दीत आमची 1994 ची व्हिंटेज, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांची, पोर्ट तुम्ही हातात घेतलीत. बाटली तुमच्या कंपनीची नव्हती, तुमच्याकडून घेतलेलीही नव्हती. तरी लेबल पाहून तुम्ही आमच्याशी तुमच्या गोव्याकडच्या मराठीत बोललात, "आज नको, उद्या या. हिला दिवसभर उभी राहू दे, गाळ तळाशी बसेल."

या एका वाक्यासाठी खरं तर हे पत्र. कारण हिच्याच जोडीच्या बाटलीची आदल्या आठवड्यात एका बड्या रेस्टॉरंटने वाट लावली होती. साध्या स्क्रूने बूच अर्ध्यात तोडलं, उरलेलं आत ढकललं आणि छोट्या पेल्यांत काठोकाठ गढूळ रसायन ओतलं. विचारल्यावर उत्तर, "जुनी वाईन अशीच असते." कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडून देण्याचा आकार, मात्र बिलात चोख लावलं.

जुनी वाईन अशी नसते. व्हिंटेज पोर्ट लाकडी पिंपात जेमतेम दोनेक वर्षं राहते, मग न गाळताच बाटलीत भरतात. पुढची सगळी वर्षं ती बाटलीतच मुरते आणि गाळ बाटलीतच धरते. टॉनी या दुसऱ्या प्रकारच्या पोर्टचं उलट: तिचं मुरणं साधारण साडेपाचशे लिटरच्या पिंपांत होतं, हवा लागून रंग तपकिरी होतो, गाळ पिंपातच राहतो. म्हणून टॉनी सरळ ओतावी, व्हिंटेज मात्र गाळ मागे ठेवून दुसऱ्या भांड्यात काढावी. एवढं ज्याला ठाऊक नाही त्याने मेनूवर पोर्ट ठेवूच नये.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन पातींचं हत्यार काढलंत. आधी लांब पात, मग आखूड, बूच आणि काच यांच्यामध्ये डोलवत खाली, आणि गोल फिरवत वर. बूच ओलं, भुसभुशीत, पण अखंड आलं. मग बाटलीच्या मानेखाली छोटा टॉर्च धरून एकाच संथ धारेत ओतणं. मध्येच बाटली सरळ केली तर गाळ पुन्हा ढवळतो, म्हणून हात थांबवायचा नाही. बाटलीच्या खांद्यापाशी गाळाची काळी रेघ सरकताना दिसली आणि तुम्ही तिथेच थांबलात.

बाटलीत उरलेलं ते पाऊण वाटी गढूळ रसायन कोणीही मोरीत ओतलं असतं. तुम्ही ते वेगळ्या ग्लासात काढलंत, स्वच्छ ग्लासाशेजारी ठेवलंत आणि म्हणालात, "आधी हे चाखा. तुम्हाला त्या दिवशी काय पाजलं ते कळेल." जिभेवर चहाच्या चोथ्यासारखी कडू कचकच. मग शेजारचा ग्लास: सुकं अंजीर, जांभळाचा तुरटपणा, मागे मिरी. कोणालाही नावं न ठेवता त्या रेस्टॉरंटचा निकाल लावलात तुम्ही. जाणकार बहुतेक वेळा आपलं ज्ञान समोरच्याला लहान करायला वापरतात. "गोव्यात मिळते तीच ना ही?" या आमच्यातल्या एकाच्या प्रश्नावरही तुम्ही हसला नाहीत. गोव्याची गोड लाल वाईन वेगळी, असं सांगून तुम्ही दोरूची रीत समजावलीत: द्राक्षरस दोन-तीन दिवस आंबला की त्यात सुमारे 77 टक्के अल्कोहोलची द्राक्षाची स्पिरिट घालतात, ढोबळमानाने चार भाग रसाला एक भाग. यीस्ट मरतं, साखर उरते, आणि पोर्ट 19 ते 22 टक्क्यांवर येते.

तुमच्या बाकी सूचना इथल्या मंडळींसाठी लिहून ठेवतो. पोर्ट "रूम टेंपरेचर"ला प्यावी हे युरोपातल्या थंड खोल्यांचं शास्त्र. मुंबईच्या तीस अंशांत नुसता अल्कोहोल नाकात चढतो. व्हिंटेज 16 ते 18 अंशांवर, टॉनी 12 ते 14 वर. त्यासाठी फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवायला लाजू नये. ग्लास ट्युलिपच्या आकाराचा, एक तृतीयांशच भरलेला. पहिला वास ग्लास न फिरवता घ्यावा. बूच तुटलंच तर धुतलेल्या मलमलीतून गाळावं; कॉफीच्या फिल्टरने कागदाचा वास लागू शकतो. सोबतचं गोड पोर्टहून कमी गोड हवं: टॉनीबरोबर भाजलेले बदाम झकास, पण पुरणपोळीसमोर कुठलीही पोर्ट फिकी पडते. आणि टॉनीच्या लेबलावरचं "20 वर्षं" हे किमान वय नव्हे, त्या वयाच्या चवीची ती मिश्रणं असतात. बाटलीत भरल्याचं वर्ष मागे शोधावं, कारण टॉनी बाटलीत सुधारत नाही.

इतकं करून तुम्ही आम्हाला काहीही विकायचा प्रयत्न केला नाहीत. म्हणूनच निघताना तुमच्याकडची वीस वर्षांची टॉनी घेतली. उघडल्यावर दोन दिवसांत संपवायची ती व्हिंटेज, टॉनी फ्रिजमध्ये महिना-दोन महिने टिकते, असं तुम्ही बजावलं होतंत. पुण्यात ती आठवडाभरही टिकली नाही, आणि यात उन्हाळ्याचा काही दोष नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुण्याचा एक पाहुणा