आधीची झाडं दाखवा साहेब, मग पुढची तोडा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मी गोरेगाव पूर्वेला राहते, आरेच्या जंगलाच्या अंगाला. परवा सकाळी चालायला गेले तर रस्त्याकडेच्या शिरीषावर परत झाड तोडायची नोटीस. गुडघ्याएवढ्या उंचीवर चिकटवलेली, शाई पावसात उतरलेली, 'हरकत असल्यास सात दिवसांत' एवढंच कसंबसं लागलं. तारीखच दिसत नाही तर सात दिवस मोजायचे कुठून?

गेल्या वर्षी आमच्याकडच्या मीटिंगमध्ये एका साहेबांनी माइकवर सांगितलं होतं की आधी शिफ्ट केलेल्या झाडांची यादी देतो, कुठलं झाड कुठे लावलं ते सगळं. टाळ्या पण वाजवल्या आम्ही. यादी काही आली नाही. म्हणून हरकतीचा अर्ज घेऊन ऑफिसात गेले, तर आवक-जावकवाला म्हणतो साहेब साइटवर आहेत, ऑनलाइन टाका. म्हटलं बाबा, पोच तर दे, तर शिक्का दुसऱ्या टेबलावर, तो माणूस जेवायला. लिफ्ट बंद, माझे गुडघे गेलेले, तीन मजले चढून गेले, पाणी पण कोणी विचारलं नाही. रात्रभर पाय शेकत बसले होते आणि घरचे वर मलाच म्हणतात, कशाला जातेस, तुझ्या एका अर्जाने काय होणारे.

खरंय म्हणा. २०१९ मध्ये काय झालं? मेट्रोच्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या डेपोसाठी, आरेतली झाडं तोडायची होती. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू. १४४ कलम, २९ जणांना अटक, त्यात कॉलेजची पोरं. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोवर दोन हजारांवर झाडं आडवी. एवढी तत्परता माझ्या अर्जाला दाखवा की! मग कारशेड कांजूरला, कांजूरला कोर्टाचा स्टे, सरकार बदललं की परत आरेत. नंतर मेट्रोवाल्यांनी सुप्रीम कोर्टाकडून ८४ झाडांची परवानगी घेतली आणि पालिकेकडून काढली १७७ ची. २०२३ मध्ये कोर्टाने १० लाख दंड लावला, पण झाडं तोडायला मिळाली ती मिळालीच. आम्ही सिग्नल तोडला तर दंडही भरतो आणि शिव्याही खातो, यांना बरं आहे.

मेट्रोला माझा विरोध नाही, मी पण बसते, एसी गार लागतो. पण शिफ्ट केलेली झाडं मी बघितलीत. लोखंडी टेकू लावलेले ठोंबे, साल सुटलेली, खाली ठिबकची नळी तुटून पडलेली. कागदावर ती जिवंतच असणार. जरा कोणी जाऊन बघा तरी.

तुम्ही म्हणाल हे खातं नगरविकासचं. नगरविकास म्हणणार पालिकेचं, पालिका म्हणणार वृक्ष प्राधिकरणाचं. आरेत ८०० एकरांच्या वर राखीव जंगल जाहीर केलंत ते तरी तुमच्याच खात्याचं ना? बिबट्याला कुठली हद्द कुणाची ते कळत नाही, तो कुत्र्यामागे सोसायटीच्या गेटपर्यंत येतो, मग पिंजरा लावा म्हणून फोन. पाड्यावरचे लोक वाघदेव पुजत पिढ्यान्पिढ्या तिथे राहिले, त्यांना अतिक्रमण म्हणायला मात्र सगळ्यांना जोर येतो. २०२१ ला कायदा बदलून पन्नास वर्षांच्या झाडाला हेरिटेज म्हटलंत, झाड तोडलं तर त्याच्या वयाएवढी झाडं लावायची म्हणालात. त्या शिरीषाचं वय कोणी मोजलं? मी लग्न होऊन आले तेव्हाही तो असाच रुंद होता आणि माझ्या लग्नाला आता चाळीस वर्षं व्हायला आली. पण वय कमी दाखवायला काय लागतं, पेन तर त्यांच्याकडेच आहे. आणि पावसाळ्यात एक रोप, सोळा माणसं, फोटो, झालं वृक्षारोपण. सरकार कुणाचंही येवो, फोटोतले चेहरे बदलतात फक्त.

मला यादी हवी आहे आणि नोटीस नवीन तारखेची, माणसाला वाचता येईल अशा उंचीवर. उत्तर द्याल तर पोस्टाने द्या, पोर्टलवर नको. ओटीपी सुनेच्या मोबाइलवर जातो आणि ती ऑफिसात असते.

आपली,
गोरेगावची एक रहिवासी