सॅमन आणि माझी 'शिळा'

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, अडीच किलो सॅमन आणलाय, फ्रीजमध्ये ठेवलाय, रविवारी निवांत बघते." तुझी मीटिंग सुरू होत होती म्हणून गप्प बसलो. पण आज गुरुवार आहे आणि कच्चा मासा फ्रीजमध्ये, 4 अंश किंवा त्याहून कमी असले तरी, एक-दोन दिवसच ठेवावा. तेव्हा हे वाचून झालं की तो बाहेर काढ आणि आजच शिजव, नाहीतर फ्रीजरमध्ये नीट गोठव.

फ्रीजर मासा सुधारत नाही. उणे 18 अंशांना जिवाणू मरत नाहीत, निपचित पडून राहतात. बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. म्हणून 'आता वास यायला लागलाय, टाका फ्रीजरमध्ये' हा प्रकार आपल्याकडे नको. बोटाने दाबून बघ. खळगा भरून आला आणि वास नुसता समुद्रासारखा असला तर ठीक. आंबूस किंवा अमोनियासारखा वास आला तर हळहळू नकोस, फेकून दे.

आता माझी फजिती ऐक. पहिल्यांदा मी सॅमनचा अख्खा तुकडा एकाच पिशवीत कोंबून फ्रीजरमध्ये टाकला होता. महिन्याने दोनच तुकड्या हव्या होत्या, पण सुरी आत जाईना. मग तो दगड तसाच ओट्यावर ठेवला. संध्याकाळी बघतो तर कडा मऊ, कोमट झालेल्या आणि मध्यभाग अजून कडक. सगळा टाकावा लागला. तुझी आई अजून त्याला 'शिळा' म्हणते, दोन्ही अर्थांनी.

तू असं कर. एका वेळेला लागतील तेवढ्याच तुकड्या वेगळ्या काढ. धुवत बसू नकोस, कागदी टॉवेलने टिपून घे. वर राहिलेल्या पाण्याचा बर्फच होतो. प्रत्येक तुकडी प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये अंगाला चिकटेल अशी गुंडाळ, मग झिपच्या पिशवीत घाल. हवा काढायला यंत्र लागत नाही. पिशवीचं तोंड बोटभर उघडं ठेवून ती पातेल्यातल्या पाण्यात हळूहळू बुडव. पाण्याच्या दाबाने प्लास्टिक माशाला लपेटत जातं आणि हवा वरून निघून जाते. पाणी तोंडापाशी आलं की झिप लाव. पहिल्या वेळी थोडं पाणी आत जाईल, जाऊ दे, पुसून परत कर.

हवेचा एवढा बाऊ का, तर सॅमन तेलकट मासा आहे. त्याचं तेल गोठवलं तरी हवेतल्या ऑक्सिजनशी सावकाश झगडत राहतं आणि शेवटी खवट होतं. कातडीखाली तो करडा-तपकिरी पट्टा असतो ना, तो आधी खवटतो. शिवाय उघड्या राहिलेल्या जागेतला बर्फ वितळल्याशिवायच उडून जातो आणि तिथे पांढरट, कापसासारखे कोरडे डाग पडतात. असे डाग अपायकारक नसतात, पण तोंडात भुसा खाल्ल्यासारखं लागतं. म्हणून कमी तेलाचे मासे सहा-आठ महिने चांगले राहत असले तरी सॅमन दोन-तीन महिन्यांत संपव. पिशवीवर तारीख घाल. 'लक्षात राहील' असं आपल्या घरात कोणाच्याच बाबतीत खरं ठरलेलं नाही.

पिशव्या पहिल्या रात्री एकमेकींवर रचू नकोस, एका थरात आडव्या पसर. मासा जितका झटपट गोठेल तितके आतले बर्फाचे कण बारीक राहतात. सावकाश गोठला की कण मोठे होतात, पेशी फाटतात, आणि तव्यावर टाकल्यावर त्याला पाणी सुटून तो पचपचीत होतो.

आता मला खरी काळजी ज्याची आहे ते. तू म्हणालीस की गोठवलेला मासा कच्चाही खाता येतो. येतो, पण घरच्या फ्रीजरच्या भरवशावर नाही. सॅमनमध्ये अ‍ॅनिसाकिस नावाचे कृमी असू शकतात. ते मारायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेलं माप आहे उणे 20 अंश किंवा त्याखाली 7 दिवस, नाहीतर उणे 35 ला कडक होईपर्यंत गोठवून त्याच तापमानाला 15 तास. आपला फ्रीजर उणे 18 वर लावलेला, त्यात दार दिवसातून दहादा उघडणार. आणि कृमी मेले तरी जिवाणू राहतातच. तेव्हा हा मासा शिजवूनच खा. सर्वांत जाड भागात मध्यावर 63 अंश व्हायला हवेत.

वितळवायचा तो आदल्या रात्री फ्रीजमध्ये, खाली ताटली ठेवून. घाई असेल तर घट्ट बंद पिशवी गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, आणि वितळला की लगेच शिजव. ओट्यावर कधीच नाही (माझ्याकडे बघ). एक गोष्ट मात्र अनेकांना ठाऊक नसते: हवा काढून सीलबंद केलेलं विकतचं पाकीट असेल, तर वितळायला ठेवण्याआधी ते फोडून मासा बाहेर काढायचा. बोट्युलिनम नावाच्या विष तयार करणाऱ्या जिवाणूचा एक प्रकार 3 अंशांच्या थोडं वरही वाढतो, आणि त्याला नेमकी हवा नसलेलीच जागा लागते. त्याचं विष वासावरून कळेलच असं नाही.

फ्रीजमध्ये वितळवलेला मासा नको झाला तर पुन्हा गोठवला तरी चालतो, फक्त चव उतरते. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेला मात्र नाही.

तुझा,
बाबा

ता. क. पुढच्या आठवड्यात तू गावाला जाणार आहेस. एका कपात पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेव आणि तो कप फ्रीजरमध्येच राहू दे. दार बंद असलं तर भरलेला फ्रीजर वीज गेल्यावरही सुमारे 48 तास गार राहतो, अर्धा भरलेला 24. परत आल्यावर नाणं वरच दिसलं तर निश्चिंत राहा. बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मला फोन न करता पिशव्या टाकून दे, कारण मी 'बघ ना, अजून गार आहे' असं म्हणण्याची शक्यता आहे.