अटी पैसे भरण्याआधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेटवरून पूर्ण किंमत देऊन विकत घेतलेला चित्रपट कुठे, कशावर आणि किती काळ पाहता येईल, हे विक्रेते पैसे घेण्याआधी धडपणे सांगत नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने याबाबत नियम करावा, यासाठी हे पत्र. भाड्याने घेतलेल्या किंवा वर्गणीतून दिसणाऱ्या चित्रपटांबद्दल माझी तक्रार नाही. तिथे मुदत असते, हे ठाऊक असूनच आपण पैसे भरतो.

मी पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालो. मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते आणि पत्नीला गुडघ्यांमुळे चित्रपटगृहाच्या पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून यंदा तिच्या आवडीचे काही जुने चित्रपट एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतले आणि लॅपटॉपवर उतरवून ठेवले. आमचा टीव्ही जुना आहे, पण चित्र अजून छान देतो. त्याला व्हीजीए ही जुन्या पद्धतीची जोडणी, लॅपटॉपला एचडीएमआय ही नवी, म्हणून मध्ये एकीचं दुसरीत रूपांतर करणारा कन्व्हर्टर लावला. लॅपटॉपवरचं सगळं टीव्हीवर उमटलं, माउसचा बाणसुद्धा. चित्रपट सुरू केला आणि चौकट काळीकुट्ट झाली. लॅपटॉपमधून संवाद ऐकू येत होते, खालची वेळेची पट्टी पुढे सरकत होती, चित्र मात्र नाही. नातवाच्या वाढदिवसाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्याच केबलवरून स्वच्छ दिसला.

कन्व्हर्टर घेऊन बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने त्याच्याकडच्या मॉनिटरला लावून पाहिला आणि म्हणाला, "काका, केबल बरोबर काम करून राहिली. तुमचा पिक्चरच अडून राहिला." मग त्याने एचडीसीपी हा नक्कल रोखणारा प्रकार समजावून दिला. चित्र पाठवणारं यंत्र आधी पडद्याची ओळख तपासतं. ओळख पटली तरच चित्र पुढे जातं. व्हीजीएच्या जुन्या जोडणीत अशी ओळख पटवण्याची सोयच नाही, म्हणून विकत घेतलेला चित्रपट तिथे अडवला जातो. उपाय काय, तर नवा टीव्ही घ्या. चांगला चालणारा टीव्ही एका चित्रपटापायी भंगारात काढायचा, हे मला पटत नाही. खरेदीच्या पानावर याबद्दल अक्षरही नव्हतं. मी ते पान पुन्हा उघडून वरपासून खालपर्यंत वाचलं.

दुसरा अनुभव मुलीचा. ती नोकरीनिमित्त जर्मनीत असते. तिने तिथल्या खात्यातून आईसाठी चित्रपट विकत घेतले. कुटुंबातल्या सगळ्यांना एकमेकांची खरेदी पाहता येते, अशी त्या दुकानाची जाहिरात आहे. प्रत्यक्षात त्यासाठी सगळ्यांची खाती एकाच देशातली असावी लागतात. खात्याचा देश बदलायचा तर त्या देशातलं बँकेचं कार्ड हवं, आणि बदलल्यावर आधीची खरेदी दिसेलच याची हमी नाही. यामागचं कारण मला समजतं. चित्रपटाचे हक्क वितरकांना देशवार विकले जातात, त्यामुळे दुकानालाही त्या देशाबाहेर चित्रपट दाखवता येत नाही. तो त्यांचा आपसातला करार झाला. पण त्याची झळ ज्याला लागणार, त्याला तो पैसे देण्याआधी कळायला नको का?

हे पूर्वी कळत असे. डीव्हीडीच्या वेष्टनावर पृथ्वीगोलाचं छोटं चित्र आणि त्यात डिस्क जिथे चालेल त्या प्रदेशाचा आकडा असायचा: अमेरिकेसाठी १, युरोप आणि जपानसाठी २, भारतासाठी ५. कितीतरी हिंदी चित्रपटांच्या डिस्क कुठल्याही प्रदेशात चालत आणि तसं वेष्टनावर छापलेलंही असे. बंधन तेव्हाही जाचकच होतं. संगणकातल्या ड्राइव्हचा प्रदेश फक्त ५ वेळा बदलता येई, पुढे तो कायमचा पक्का होई. तरीही काउंटरवर उभं राहून, डबी उलटी करून ग्राहक ते बंधन वाचू शकत होता. आता डबीच राहिली नाही, तर तेवढी माहितीही गेली.

आणखी एक गोष्ट आहे. पत्नीचं माहेर कुरखेडा तालुक्यात, तिथे घरात नेटवर्क धरत नाही. म्हणूनच चित्रपट उतरवून घेतले होते. तिथे गेल्यावर संदेश आला की परवाना तपासण्यासाठी इंटरनेटला जोडा. नेटवर्क नाही म्हणून जी वस्तू घेतली, ती नेटवर्कवाचून उघडेना.

चित्रपटाची चोरी थांबली पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. मराठी निर्माता कर्ज काढून चित्रपट करतो आणि तो लगेच मोबाइलवर फुकट फिरू लागतो, हे संतापजनक आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. नक्कल रोखण्यासाठी लावलेलं असं तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि दंडही होऊ शकतो. कुलपाला कायद्याचं असं संरक्षण आहे, मग कुलूप कुठे आणि कसं लावलंय हे ग्राहकाला सांगण्याची सक्तीही हवी. संगीताच्या व्यवसायाने तर कुलूप काढूनही पाहिलं. ॲपलच्या दुकानात २००९पासून गाणी कुलपाविना विकली जातात, आणि त्याने गाण्यांचा धंदा काही बुडाला नाही. चित्रपटवाल्यांनी तेवढं धाडस दाखवलेलं नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५पासून कायदा लागू केला. डिजिटल वस्तू 'विकत' म्हणून प्रत्यक्षात तिचा मर्यादित परवानाच दिला जात असेल, तर तसं व्यवहाराच्या वेळीच स्पष्ट सांगावं लागतं. वस्तू कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येत असेल, तर तिला त्यातून सूट आहे. ही सूट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याला सोपी वाट मिळते. आपल्याकडे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. २०२०चे ई-कॉमर्स नियम डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत. म्हणजे पाया तयार आहे, त्यावर चार ओळींची भर घालायची आहे.

किमतीच्या शेजारीच, मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेलं असावं की हा चित्रपट कोणत्या देशांत चालेल, कोणत्या जोडणीच्या पडद्यावर चालणार नाही, उतरवल्यावर किती दिवसांनी इंटरनेट लागेल आणि दुकानाचे हक्क संपले तर तो खात्यातून जाईल का. जाणार असेल, तर पूर्ण रक्कम परत मिळावी. हे अशक्य नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा ग्राहकांना पैसे परत केले होते.

मी चित्रपट घेतले त्या दुकानाने परतावा नाकारताना 'व्हिडिओ आपल्या उपकरणावर सुरू होत असल्याचे आढळले' असं कळवलं आहे. ते उत्तर, पावती आणि काळ्या पडद्याचा फोटो जोडून मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवत आहे. विदर्भातल्या ज्या वाचकांना असा अनुभव आला असेल, त्यांनीही पावती सांभाळून तक्रार नोंदवावी. शहरातल्या ग्राहक संघटनांनी हा विषय हाती घेतला, तर कागदपत्रं घेऊन मी स्वतः त्यांच्याकडे यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त आरेखक
त्रिमूर्ती नगर, नागपूर