अण्णा, तुम्ही खुर्ची फिरवलीत

अण्णा, सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी आमचा अडलेला हिशोबाचा कॉम्प्युटर मार्गी लावून तुम्ही निघालात तेव्हा दारात पगारासाठी बाया उभ्या होत्या, प्रिंटर सुरू झाला होता, आणि मी तुमच्याकडे धड बघितलंही नाही. तुम्ही अर्धा कप चहा प्यायलात, पैशाचा विषय काढला तर "राहू दे अक्का" म्हणालात आणि चपला घालून गेलात. त्याला दोन आठवडे झाले. तेव्हापासून रोज मनात येतं की या माणसाचे आभार मानायचे राहिले. फोनवर मानले असते तर तुम्ही दोन वाक्यांत विषय बदलला असता, म्हणून इथे, चारचौघांत लिहिते आहे.

सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या अक्षता तीन दिवसांवर आल्या होत्या. सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको की गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेच्या, आधी हातात पैसे नसले तर घरोघरी काय होतं. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात शिलाई आणि पॅकिंगला बावीस बाया आहेत. कुणाचे किती डझन झाले, कुणाची किती उचल आहे, सगळा हिशोब त्या एका कॉम्प्युटरमध्ये. आणि हिशोबाच्या प्रोग्रॅममागची डेटाबेसची सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड चालणारा त्याचा भाग, चालूच होईना. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली की एकच उत्तर यायचं, ॲक्सेस इज डिनाइड. परवानगी नाही. माझ्याच ऑफिसात, माझ्याच हिशोबाला, मलाच परवानगी नाही!

तुमच्या आधी तिघांना विचारून झालं होतं, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण अजून राग गेलेला नाही. पहिल्याने डिसेंबरात "सगळं एका जागी राहील" म्हणून अख्खा प्रोग्रॅम कॉपी करून माझ्या डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये ठेवला, हाताने चालू करून दाखवला, पैसे घेतले आणि गेला. जाताना ॲडमिनचा पासवर्ड मार्करने कॅबिनेटच्या अंगावर लिहून ठेवला, पुन्हा विचारावा लागू नये म्हणून. दुसऱ्याने पडद्याकडे पाचेक सेकंद बघितलं आणि म्हणाला, विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारावं लागेल. डेटाचं काय, विचारलं तर खांदे उडवले. तिसऱ्याने फोनवर सांगितलं की सगळ्या ड्राइव्हवर सगळ्यांना फुल कंट्रोल देऊन टाका आणि ती परवानगी विचारणारी खिडकी कायमची बंद करा, कटकट मिटेल. तिघांपैकी एकानेही तो मेसेज शेवटपर्यंत वाचला नाही.

तुम्ही आलात आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात. माझ्या जागेवर नाही. म्हणालात, "अक्का, काय आलंय ते मोठ्यांदा वाचा. घाई नको. आकड्याच्या आधीचा शब्दसुद्धा."

मी वाचलं, ओपनसर्व्हिस फेल्ड ५.

तुम्ही म्हणालात, म्हणजे अजून आपण सर्व्हिसच्या दारातच आहोत. तिला काही हुकूम द्यायचा आपल्याला हक्क नाही, कारण ही खिडकी साध्या माणसाच्या नावाने उघडली आहे. मग मी रोज ॲडमिन म्हणूनच आत शिरू का, असं मी विचारलं, तर तुम्ही समजावलंत की २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून ॲडमिनची खिडकीसुद्धा आधी साधीच उघडते. जे काम हक्काने करायचं, त्या कामापुरतं 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून तसं सांगावं लागतं. इतकी वर्षं मी हे यंत्र वापरते, पण मला हे कुणी एका वाक्यात सांगितलं नव्हतं.

मग ती पासवर्ड विचारणारी चौकट आली. आणि तुम्ही, अण्णा, काही न बोलता तुमची खुर्ची खिडकीकडे फिरवलीत. नुसती मान वळवली नाहीत, पूर्ण खुर्ची. बाहेर साचे, म्हणजे माग, चालू होते, त्यांच्याकडे बघत बसलात. माझी बोटं थरथरत होती, पहिल्यांदा चुकला, पुन्हा टाकला. तुम्ही वळला नाहीत. "झालं का" असंही विचारलं नाहीत. मी "टाकला" म्हटल्यावरच फिरलात.

पासवर्ड कॅबिनेटवर ठळक लिहिलेला होता. तुम्ही आल्या आल्या तो वाचला असणार, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. तरी तुम्ही पाठ फिरवलीत. त्या क्षणी मला जे वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. गेल्या दोन वर्षांत, मामंजींना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून, या ऑफिसात जो येतो तो आधी माझी खुर्ची मागतो, मग माझा माउस, मग "मालक कुठायत" असं विचारतो. तुम्ही काहीच मागितलं नाहीत. हे ऑफिस माझं आहे, हे तुम्ही माझ्याकडे पाठ करून मला सांगितलंत.

पुढचं लवकर झालं. पुन्हा आज्ञा दिली आणि पुन्हा ५! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही म्हणालात, "आकडा नका बघू, शब्द बघा." या वेळी तिथे स्टार्टसर्व्हिस होतं. म्हणजे दार उघडलं होतं, आपला हुकूम पोचला होता. आता अडली होती ती सर्व्हिस स्वतः. तिलाही स्वतःचं नाव असतं, ती नेटवर्क सर्व्हिस नावाच्या खात्याने चालते, आणि माझ्या डॉक्युमेंट्समध्ये त्या खात्याला पाऊल ठेवायची मुभा नाही. डिसेंबरात हाताने चालू केला तेव्हा तो प्रोग्रॅम माझ्या नावाने चालला, म्हणून चालला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला आणि गाडी अडली. फोल्डर परत जागेवर नेऊनही भागत नाही, एकाच ड्राइव्हवर हलवला तर जुने हक्क तसेच चिकटून येतात, हे तुम्ही सांगितलंत आणि त्या एका फोल्डरवर त्या एका नावाला हवे तेवढेच हक्क देऊन दाखवलेत. दाखवलेत म्हणजे माझ्याकडून टाइप करून घेतलेत, एकेक अक्षर.

सगळ्यांना फुल कंट्रोल का नको, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही साच्याकडे बोट केलंत. "सुताची एक तार तुटली तर विणकर काय करतो, अक्का? ती तार शोधून सांधतो. सगळ्या तारांचा अख्खा बीम उतरवत नाही." तुमचे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते, हे तेव्हा कळलं.

अक्षतेच्या दिवशी मी संमती कट्ट्यापाशी गर्दीत उभी होते. आधी त्या लग्नाची संमती वाचली जाते, मग अक्षता पडतात. लहानपणापासून ऐकत आले आहे, पण या वर्षी ती वाचली जात असताना मला तुमची फिरवलेली खुर्ची आठवली आणि हातातल्या अक्षता जरा उशिरा पडल्या. त्या गर्दीत आमच्या शिलाईतल्या चौघीजणी नव्या साड्या नेसून आल्या होत्या. एकीच्या पोराच्या हातात पिपाणी होती. त्यांना हे ओपनसर्व्हिस आणि पाच काही ठाऊक नाही. पगार वेळेवर झाला एवढंच ठाऊक आहे.

अण्णा, हुशार माणसं या गावात खूप आहेत. पूर्व भागात तर दर गल्लीत एखादा पोरगा पुण्याला किंवा हैदराबादला कॉम्प्युटरमध्ये आहे. पण दुसऱ्याच्या हाताला काम करू देणारा माणूस मला फार उशिरा भेटला. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस वर्षं पोरांच्या मागे उभं राहून तुम्ही हे शिकलात की मुळातच तुमच्यात होतं, माहीत नाही. ज्या पोरांनी तुमच्या हाताखाली पहिली आज्ञा टाइप केली, त्यांचा मला हेवा वाटतो.

कॅबिनेटवरचा तो पासवर्ड मी स्पिरिटने पुसला. नवा ठेवला आहे, तो मला आणि मामंजींना ठाऊक आहे. मामंजींना आता बोलायला त्रास होतो, पण तुमच्या वडिलांचं सांगितलं तेव्हा ते उठून बसले. तेही लक्ष्मी-विष्णूतच होते. तुमचे वडील कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीला होते, हे त्यांना तुम्हाला विचारायचं आहे. रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून ठेवते. याल ना?

तुमची,
टॉवेलवाली अक्का