टॅब्लेट मेला म्हणण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2020 च्या टाळेबंदीत शाळा घरात आली, तेव्हा इंदूरच्या अनेक घरांनी ओढाताण करून मुलांसाठी टॅब्लेट घेतले. शाळा पुन्हा भरू लागल्या, मुलांच्या हाती फोन आणि लॅपटॉप आले, आणि टॅब्लेट कपाटात जाऊन पडले. आता कुणाला तरी त्याची आठवण होते, धूळ पुसून तो चार्जिंगला लावला जातो आणि पडदा काळाच राहतो. दुकानात नेल्यावर काउंटरवरचा मुलगा बटण दाबून पाहतो, स्वतःचा चार्जर मिनिटभर लावतो आणि ‘बोर्ड (म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी) उड़ गया है, नया ले लो’ असे सांगून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो. तपासणीच न करता दिल्या जाणाऱ्या या निकालाविषयी आपल्या दैनिकातून चार शब्द मांडावेत, म्हणून हे पत्र.

मुळात असा टॅब्लेट पुष्कळदा उपाशी असतो. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे 4.2 व्होल्ट दाखवते आणि वापरात तिचा सरासरी विद्युत दाब 3.7 व्होल्टच्या आसपास असतो. उपकरण बंद असले तरी आतली यंत्रणा थोडी थोडी वीज खातच राहते, त्यामुळे महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या बॅटरीचा दाब तीन व्होल्टच्याही खाली उतरतो. अशा वेळी चार्जिंगचे नियंत्रण करणारी चिप बॅटरीला एकदम पूर्ण प्रवाह देत नाही. सुरुवातीला अगदी थोडा, नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह देऊन ती दाब हळूहळू वर आणते, आणि तेवढा वेळ पडद्यावर बॅटरीचे चित्रसुद्धा उमटत नाही. त्यातच टॅब्लेट संगणकाच्या जुन्या यूएसबी पोर्टला जोडलेला असेल, तर तिथून फार तर 500 मिलिअँपियर मिळतात. 6,000 एमएएच (मिलिअँपियर-तास) क्षमतेची बॅटरी त्यावर भरायची म्हटली तरी कागदावरच्या हिशेबाने बारा तास लागतील. मिनिटभर चार्जर लावून काढलेल्या निदानाला काय अर्थ आहे, हे यावरून कळावे.

म्हणून घरच्या घरी करण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे दोन अँपियरचा चांगला चार्जर आणि खात्रीची केबल घेऊन टॅब्लेट काही तास, आपण घरात जागे असताना, शांतपणे जोडून ठेवणे. त्याआधी चार्जिंगच्या खाचेत विजेरीचा उजेड टाकून पाहावे. दप्तरातला कापूस आणि धूळ तिथे दाबून बसलेली असते व केबल पूर्ण आत जात नाही. तो मळ लाकडी दातकोरणीने अलगद काढावा, टाचणीने मुळीच नाही. नंतर सक्तीने पुन्हा चालू करण्याची कळ वापरावी. बहुतेक अँड्रॉइड टॅब्लेटवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे लागते. होम बटण नसलेल्या आयपॅडवर आवाजाची दोन्ही बटणे एकामागून एक दाबून सोडायची आणि कंपनीचे चिन्ह दिसेपर्यंत वरचे बटण धरून ठेवायचे. याने माहिती पुसली जात नाही. टॅब्लेट तांदळाच्या डब्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवण्याचे सल्ले व्हॉट्सॲपवर फिरत असतात, त्यांकडे दुर्लक्ष केलेले बरे.

इतके करूनही काही घडले नाही, तर कारागिराकडे जावे. माझ्या मावशींचा टॅब्लेट असाच एका दुकानाने निकालात काढला होता. त्यात त्यांच्या भजनी मंडळाच्या सरावाची ध्वनिमुद्रणे होती, म्हणून तो टाकून देण्याचा प्रश्न नव्हता. जेल रोडच्या मोबाइल बाजारात वरच्या मजल्यावर बसणाऱ्या एका कारागिराने त्याची काच उष्णतेने सैल करून पातळ पट्टीने उचलली, बॅटरीचे कनेक्टर सोडवले आणि बोर्डाला टेबलावरच्या डीसी सप्लायमधून, म्हणजे ठरावीक दाबाची वीज देऊन प्रवाह दाखवणाऱ्या यंत्रातून, चार व्होल्ट दिले. बटण दाबायच्या आधी अँपियरचा आकडा शून्यावर होता. दाबल्यावर तो चढला, थोडा खाली-वर झाला आणि काळ्या पडद्यावर कंपनीचे नाव आले. बटण दाबण्याआधीच आकडा चढला असता तर बोर्डात कुठेतरी शॉर्ट आहे असे समजले असते, आणि दाबूनही हलला नसता तर बटणाची पट्टी किंवा वीज वाटणारी चिप तपासावी लागली असती. सगळी तपासणी चहा थंड व्हायच्या आत झाली. दोष बॅटरीचा निघाला आणि नव्या बॅटरीवर तो टॅब्लेट आज चालतो आहे. हे कौशल्य आपल्या शहरात आहे, पण काउंटरवर विक्री करणाऱ्याकडे ते असतेच असे नाही, आणि नवा टॅब्लेट विकण्यात ज्याचा नफा आहे त्याच्याकडूनच जुन्याचे निदान घ्यावे, ही पद्धत मला तरी विचित्र वाटते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. बॅटरी फुगून काच वर उचलली गेली असेल, तर चार्जरला हात लावू नये. दाब दोन व्होल्टच्या खाली जाऊन बराच काळ गेला असेल, तर बॅटरीच्या आतला तांब्याचा थर विरघळू लागतो आणि पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी ‘बूस्ट’ करून देणाऱ्या कारागिराला नम्रपणे नकार द्यावा आणि नवी बसवून घ्यावी.

मात्र सर्वांत मोठे नुकसान बॅटरीमुळे होत नाही, ते ‘सॉफ्टवेअर मारण्या’मुळे, म्हणजे आतली प्रणाली पुसून नव्याने बसवण्यामुळे होते. टॅब्लेट कंपनीच्या चिन्हावर अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर वीज ठीक आहे आणि बिघाड बहुधा आतल्या प्रणालीत आहे, असे मानायला हरकत नाही. अशा वेळी अनेक दुकाने मालकाला न विचारता फॅक्टरी रिसेट करून टाकतात, म्हणजे सगळी माहिती पुसून उपकरण नव्यासारखे कोरे करतात. आयपॅड संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये (प्रणाली दुरुस्त करण्याच्या खास अवस्थेत) नेला की ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय येतात; पहिल्यात माहिती राखून प्रणाली पुन्हा बसवण्याचा प्रयत्न होतो, दुसऱ्यात सर्व पुसले जाते. अँड्रॉइडच्या रिकव्हरी यादीत ‘वाइप कॅश’ (तात्पुरत्या फाइली पुसणे) असेल तर त्याने फोटो जात नाहीत, ‘वाइप डेटा’ने सगळे जाते. हल्लीच्या उपकरणांत साठवलेली माहिती सांकेतिक कुलपात असते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच उपकरणाच्या चिपशी बांधलेली असते, त्यामुळे एकदा रिसेट झाल्यावर कोणताही तज्ज्ञ ती माहिती परत आणून देऊ शकत नाही.

रिसेटनंतर आणखी एक अडचण उभी राहते. अँड्रॉइड 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, सेटिंग्जमधून न करता बाहेरून, रिकव्हरी यादीतून रिसेट केलेले उपकरण आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागते. चोरीला आळा बसावा हा त्यामागचा हेतू योग्यच आहे; पण टाळेबंदीत शाळेच्या घाईत मुलांच्या नावे उघडलेल्या खात्यांचे पासवर्ड आज घरात कोणाला आठवतात? टॅब्लेट चालू होतो आणि दारातच अडवून उभा राहतो. तेव्हा रिसेटला होकार देण्यापूर्वी ते खाते शोधून काढणे, हे दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

सरकारी पातळीवर काहीच घडलेले नाही, असे नाही. ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि उपकरण दुरुस्तीस किती सोपे आहे हे दाखवणारा निर्देशांक ठरवण्यासाठी सप्टेंबर 2024 मध्ये समितीही नेमली. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून बाजारात येणाऱ्या टॅब्लेटच्या लेबलवर दुरुस्तीची श्रेणी छापावी लागते आणि विक्री थांबल्यानंतर सात वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे कित्येक साध्या टॅब्लेटची मूळ बॅटरी चार वर्षांत बाजारातून नाहीशी होते आणि कारागिराला जवळपासच्या मापाची बॅटरी शोधून बसवावी लागते. युरोपसारखा नियम इथे केवळ ऐच्छिक न राहता बंधनकारक व्हावा.

इंदूर कचरा दारातच सहा प्रकारांत वेगळा करते आणि त्यात ई-कचऱ्याचा डबा स्वतंत्र आहे, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. ज्या टॅब्लेटचा बोर्ड खरोखर गेला आहे, तो त्याच डब्यात जावा. फुगलेली बॅटरी मात्र गाडीवरच्या कर्मचाऱ्याला सांगून वेगळी हातात द्यावी, कारण गाडीत ती दाबली गेली तर पेट घेऊ शकते. पण चालू शकणारी वस्तू या डब्यात पोहोचू नये, याची व्यवस्था दुकानाच्या काउंटरवरच व्हायला हवी.

यासाठी शहरातील मोबाइल व्यापाऱ्यांना माझी विनंती आहे की दुरुस्तीला घेतलेल्या प्रत्येक टॅब्लेटच्या पावतीवर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: बॅटरीचा मोजलेला दाब, बोर्ड किती प्रवाह ओढतो तो आकडा, आणि दुरुस्तीत माहिती पुसली जाणार असल्यास त्याला ग्राहकाची सही. दाब आणि प्रवाह मोजणारा मल्टिमीटर प्रत्येक दुकानात असतोच. ग्राहकांनीही ही पावती मागून घ्यावी, आणि ती नाकारून परस्पर रिसेट केला गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आपला,
एक वाचक, इंदूर