थुंब्याचं म्युझियम

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल तिरुवनंतपुरमजवळचं थुंब्याचं अवकाश संग्रहालय पाहून आले. तुझी परीक्षा नसती तर तुला ओढत नेलं असतं! सेंट मेरी मॅग्डलिनच्या जुन्या चर्चमध्येच ते आहे. मच्छीमारांच्या वस्तीतलं हे चर्च बिशप परेरा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम साराभाईंच्या कामासाठी दिलं. सुरुवातीचं ऑफिस इथेच, रॉकेटची जुळणीही इथेच.

मोठ्या रॉकेटांच्या प्रतिकृती छान आहेत, पण त्या तू व्हिडिओत पाहतोसच. मी रेंगाळले ती आरएच-७५ या अग्निबाणाच्या माहितीपाशी. नावातले ७५ म्हणजे त्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. जेमतेम तीन इंच! माझ्या मनगटापेक्षा थोडीशीच जाड नळी. २० नोव्हेंबर १९६७ ला ती इथून उडाली, आणि ती आपण स्वतः बनवलेली होती. पुढे १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ या आपल्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा इथल्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक आपले वसंत गोवारीकर होते. त्यांचं काम घन इंधनातलं. हे इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. त्यात बारीकशी चीर राहिली तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, आतला दाब चढतो आणि मोटर, म्हणजे इंधन भरलेली रॉकेटची नळी, फुटू शकते. म्हणून इंधन साच्यात ओतण्याच्या कामात जराही कसर चालत नाही.

थुंबाच का, हे तू विचारशीलच. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त इथून जवळून जात होतं. तिथे टांगलेली चुंबकसूची अगदी आडवी राहते. त्या पट्ट्यावर साधारण शंभर किलोमीटर उंचीवर दिवसा जोरदार विद्युतप्रवाह वाहतो. फुगे तिथवर पोचत नाहीत आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. मधल्या त्या थरात प्रत्यक्ष जाऊन मोजमाप करायचं तर अग्निबाणच हवा. किनाऱ्यावरचं हे गाव त्यासाठीच निवडलं गेलं.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी इथून पहिलं रॉकेट सुटलं. ते अमेरिकन नायकी-अपाची होतं. त्याने वर सोडियमची वाफ सोडली. खाली दिवेलागण झालेली, पण वर अजून ऊन, त्यामुळे तो ढग नारिंगी झळाळला. तो कसा सरकतो, पसरतो, हे पाहून तिथला वारा मोजायचा. इतकी सोपी आणि इतकी हुशार युक्ती! मला तर फार आवडली.

आता एक गणित. शंभर किलोमीटरवर ऊन टिकायला सूर्य क्षितिजाखाली जास्तीत जास्त किती अंश गेलेला चालेल? पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धर आणि स्पर्शरेषा काढून बघ. माझं उत्तर दहा अंशांच्या आसपास आलं, म्हणजे थुंब्यात सूर्यास्तानंतर चाळीसेक मिनिटं. तुझं काय येतं ते पेपर संपले की फोनवर सांग.

तुझी,
आई